तीस वर्षांचं कर्ज, शंभर वर्षांचं पाणी

अमेरिकेत गृहकर्जाचा अर्ज करणाऱ्या माणसाला आम्ही काही म्हणता काही विचारायचं सोडत नाही. दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची उधारी, घटस्फोट झाला असेल तर पोटगी. मध्येच खात्यात पाच हजार डॉलर आलेले दिसले, तर ते कुणी आणि कशासाठी दिले याचा लेखी खुलासा. मी हे काम अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या पूर्वेकडच्या उपनगरांत करते. चँडलर, गिल्बर्ट, मेसा या भागांत माझी गिऱ्हाइकं राहतात. त्यांत चिप बनवणाऱ्या कारखान्यातले इंजिनिअर आहेत, नर्सेस आहेत, ट्रकचालक आहेत, निवृत्त सैनिक आहेत, आणि आता मराठी घरंही बरीच आहेत.

सगळी कागदपत्रं गोळा झाली, अंडररायटरने फाइल उलटीपालटी करून पाहिली, तरी दोन प्रश्न कुणीच विचारलेले नसतात. या घराला पाणी किती वर्षं पुरणार? आणि जुलै महिन्यात ते राहण्याजोगं थंड ठेवायला किती खर्च येणार? वाळवंटातलं घर उभं असतं ते या दोन गोष्टींवर, आणि फाइलमध्ये त्यांना नीटशी जागाच नाही.

गहाण टाकलेलं खोरं

फिनिक्सला कर्ज नवं नाही. हे शहरच गहाणखतावर वाढलं आहे.

सॉल्ट नदीच्या या खोऱ्यात होहोकाम लोकांनी शेकडो मैलांचे कालवे खणून काही शतकं शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास ती वस्ती मोडली. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने त्याच जुन्या कालव्यांच्या खुणा धरून पुन्हा पाणी खेळवलं. मोडलेल्या वस्तीवर उभं राहिलेलं गाव म्हणून त्याला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव मिळालं. नदी मात्र बेभरवशाची. एका वर्षी पूर, पुढची चार वर्षं कोरडी. १८९० च्या दशकाच्या शेवटी सलग दुष्काळ पडला आणि लोक गाव सोडू लागले.

धरण बांधायला पैसा नव्हता. १९०२ मध्ये केंद्र सरकारने सिंचनासाठी कर्ज देण्याचा कायदा केला. पुढच्याच वर्षी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाणीवापर संघ काढला आणि आपली दोन लाख एकरांहून जास्त जमीन तारण ठेवली. त्या कर्जातून रूझवेल्ट धरण झालं. १९११ मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला ज्यांच्या नावाचं धरण ते थिओडोर रूझवेल्ट स्वतः आले होते. त्या शेतकऱ्यांनी जमीन गहाण टाकून पाणी घेतलं होतं. आज त्यांच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या कॉलन्यांत घर गहाण पडतं आणि पाणी आहे असं सगळे धरून चालतात.

१९५० साली फिनिक्सची वस्ती एक लाख सात हजारांच्या आसपास होती. २०२० च्या जनगणनेत ती सोळा लाखांवर गेली. या वाढीमागे दोन यंत्रणा होत्या. एक म्हणजे खिडकीतला, मग छतावरचा एसी. दुसरी म्हणजे सरकारच्या हमीचं लांब मुदतीचं गृहकर्ज.

तीस वर्षांचा हिशेब

१९३० च्या आधी अमेरिकेतही घरासाठी पाच-दहा वर्षांचंच कर्ज मिळे. अर्धी रक्कम आधी भरायची, मुदतभर व्याज द्यायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी फेडायचं. महामंदीत असे लाखो लोक बुडाले. मग १९३४ मध्ये एफएचए म्हणजे संघीय गृहनिर्माण प्रशासन आलं आणि कर्जांना सरकारी विमा मिळाला. १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी वेगळी हमी आली. मुदत वाढत वाढत तीस वर्षांवर गेली. १९६० च्या जानेवारीत फिनिक्सबाहेर निवृत्तांसाठी सन सिटी ही वसाहत सुरू झाली, तेव्हा पहिल्याच शनिवार-रविवारी लाखभर माणसं घरं पाहायला लोटली होती.

आपल्याकडचं गृहकर्ज बहुतेक वेळा बदलत्या दराचं असतं. रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवला की हप्ता वाढतो, नाहीतर मुदत तरी. इथे तीस वर्षं दर एकच. खाली गेला तर जुनं फेडून नवं कर्ज काढायचं, वर गेला तर गप्प बसायचं. १९८१ च्या ऑक्टोबरात हा दर साडेअठरा टक्क्यांच्या वर होता. २०२१ च्या जानेवारीत तो २.६५ टक्क्यांवर आला. २०२३ च्या ऑक्टोबरात ७.७९ टक्क्यांवर चढला.

गिऱ्हाईक समोर बसलं की मी एक तक्ता उघडते. चार लाख डॉलरचं कर्ज, ७ टक्के व्याज, ३० वर्षं. महिन्याचा हप्ता २,६६१ डॉलर. पहिल्या हप्त्यातले २,३३३ डॉलर व्याजात जातात. मुद्दल कमी होतं फक्त ३२८ डॉलरने. शेवटपर्यंत फेडत राहिलात तर निव्वळ व्याज साडेपाच लाखांच्या पुढे. हेच कर्ज ३ टक्क्यांनी असतं तर हप्ता १,६८६ डॉलर. पहिली ओळ वाचून बहुतेकांचा चेहरा उतरतो. त्या ओळीमुळेच २०२१ मध्ये घर घेतलेली माणसं आज हलायला तयार नाहीत. नोकरी बदलली, मुलं मोठी झाली, घर अपुरं पडू लागलं, तरी जुना दर सोडवत नाही. त्यामुळे विकायला घरं कमी येतात आणि भाव उतरत नाहीत.

हिरवी तळी

या धंद्यात जुनी माणसं २००५ ची गोष्ट दबक्या आवाजात सांगतात. त्या वर्षी फिनिक्समधल्या घरांचे भाव एका वर्षात चाळीस टक्क्यांहून जास्त वाढले. उत्पन्नाचा पुरावा न मागता, अर्जदार सांगेल तो आकडा धरून कर्ज दिलं जाई. पहिली दोन वर्षं हप्ता कमी, मग एकदम वर, अशी कर्जं सर्रास विकली गेली. देणारा ते कर्ज पुढे विकून मोकळा होई, त्यामुळे ते बुडालं तरी त्याला झळ नव्हती.

२००६ च्या मध्यावर भाव शिगेला पोचले. २०११ पर्यंत ते निम्म्याहून खाली आले. घर दीड लाखाचं आणि कर्ज तीन लाखांचं, अशी गत गल्लोगल्ली झाली. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात एक तरतूद आहे. अडीच एकरांपर्यंतच्या जागेवरचं राहतं घर विकत घेण्यासाठीच कर्ज काढलं असेल, तर लिलावात कमी पडलेली रक्कम सावकाराला कर्जदाराच्या मागे लागून सहसा वसूल करता येत नाही. लिलावालाही कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नोटीस नोंदवली की नव्वद दिवसांनी घर विकता येतं. पुष्कळांनी हिशेब केला आणि किल्ल्या ठेवून ते निघून गेले.

ओस पडलेल्या घरांमागच्या पोहण्याच्या तलावांचे पंप वीज तुटल्याने बंद पडले. काही आठवड्यांत पाणी हिरवं झालं आणि त्यात डासांची पैदास झाली. वेस्ट नाइल तापाच्या भीतीने काउंटीचे कर्मचारी त्या तळ्यांत औषध टाकत, डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडत. पुढे मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी हीच घरं घाऊक भावाने उचलली आणि भाड्याने लावली.

त्यानंतर कायदे कडक झाले. माझ्यासारखीला परवाना, परीक्षा आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. कर्जदार हप्ता फेडू शकेल याची खातरजमा करणं २०१४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. ही सुधारणा खरी आहे. पण तो सगळा धडा माणसाच्या उत्पन्नाविषयी होता. ज्या जागेवर घर आहे तिच्याविषयी त्यात काहीच नव्हतं.

पश्चिमेची भिंत

फिनिक्सला येणारे बहुतेक जण घर पाहतात डिसेंबर-जानेवारीत. हवा वीस अंशांची, आकाश निळंशार, अंगणात संत्र्याची झाडं लगडलेली. एवढी मऊ थंडी पाहिल्यावर शिकागोहून आलेला माणूस जागच्या जागी सही करायला तयार होतो.

तेच घर जुलैत दुपारी पाचला पाहावं. दाराच्या धातूच्या मुठीला हात लावता येत नाही. थंड पाण्याचा नळ सोडला तरी आधी गरम पाणी येतं, कारण जमिनीतले नळच तापलेले असतात. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर तिची धग जाणवते. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस इथे पारा ४३ अंशांच्या वर गेला. सलग सोळा रात्री तो ३२ च्या खाली उतरला नाही. त्या वर्षी या एका काउंटीत उष्म्याने ६४५ माणसं गेली. त्यांत बेघर पुष्कळ होते. पण घरात मेलेल्यांचीही नोंद आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एसी होता, फक्त तो चालत नव्हता. मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांचं प्रमाण तर त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठं. पत्र्याच्या त्या घरांना बहुधा जमिनीचं तारण नसतं, त्यामुळे कर्जाचा दरही चढा लागतो. सर्वांत गरम घराला सर्वांत महाग पैसा.

आता फाइल बघा. हप्ता, मालमत्ता कर, घराचा विमा, सोसायटीची वर्गणी आणि बाकीची कर्जं एवढ्यांची बेरीज उत्पन्नाच्या किती टक्के होते, ते आम्ही मोजतो. विजेचं बिल त्यात नाही. दोन हजार चौरस फुटांच्या घराला उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशे-चारशे डॉलर बिल येणं इथे नवल नाही. इतर राज्यांत जास्त टिकणारा एसी इथे बारा-पंधरा वर्षांत मान टाकतो आणि नवा बसवायला दहा-बारा हजार डॉलर मोजावे लागतात. तो पडतो जुलैतच, कारण सगळ्यात जास्त राबतो तेव्हा.

सैनिकांच्या कर्जाची फाइल एवढी वेगळी आहे. त्यात सगळे खर्च वजा करून महिन्याला हाती काय उरतं ते पाहतात, आणि देखभाल व वीज-पाण्यासाठी चौरस फुटामागे चौदा सेंट धरतात. विचार बरोबर आहे. पण आकडा देशभर एकच, बर्फाळ मिनेसोटालाही तोच आणि फिनिक्सलाही तोच. दोन हजार फुटांना २८० डॉलर. त्यात जुलैची नुसती वीजही बसत नाही.

बिल थकलं तर काय होतं, हे २०१८ च्या सप्टेंबरात दिसलं. सन सिटी वेस्टमध्ये एका ७२ वर्षांच्या बाईंची वीज ५१ डॉलर थकबाकीसाठी तोडली गेली. बाहेर चाळिशी पार झालेली होती. त्या घरातच गेल्या. ही गोष्ट उजेडात आल्यावर २०१९ पासून १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला बंदी झाली.

आपल्या मंडळींची इथे एक खास अडचण होते. दार पूर्वेलाच हवं. चँडलर-गिल्बर्टमधल्या दलालांना हे इतकं ठाऊक झालंय की ‘ईस्ट फेसिंग’ हे जाहिरातीत ठळक टाकतात. पण इथल्या घरांची मांडणी अशी असते, की समोर गॅरेज आणि मागे मोठ्या काचांची बैठक. दार पूर्वेला म्हणजे काचा पश्चिमेला. दुपारी तीन ते सात सगळं ऊन बैठकीत. इथली जुनी माणसं दक्षिणोत्तर घर शोधतात. वास्तूच्या समाधानाचं मोल मी करत नाही. पण त्या समाधानाचे डॉलर दर उन्हाळ्यात वीज कंपनीला जातात, एवढं मी सांगते.

टँकर पुन्हा भेटला

मी मूळची लातूरकडची. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा माझ्या माहेरी घागरी रांगेत होत्या. त्यामुळे रिओ व्हर्डे फूटहिल्सची बातमी मी इतरांपेक्षा वेगळ्या कानांनी ऐकली.

ही वस्ती स्कॉट्सडेल या श्रीमंत शहराच्या वेशीबाहेर आहे. लाखो डॉलरची घरं, तबेल्यात घोडे, अंगणात उंच सग्वारो निवडुंग. काही शे घरांना नळ नाही, विहीर नाही. स्कॉट्सडेलहून टँकर यायचा आणि जमिनीखालच्या टाकीत पाणी ओतायचा. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने आपलं पाणी आपल्याच नागरिकांसाठी राखत हा पुरवठा बंद केला. टँकरवाल्यांना लांबून पाणी आणावं लागलं, दर अनेक पटींनी वाढले. लोक कागदी ताटल्यांत जेवू लागले, शौचालयासाठी पावसाचं पाणी साठवू लागले. पुढे विधिमंडळाला कायदा करून मधली सोय लावावी लागली.

या घरांना कर्ज कसं मिळालं? मूल्यांकनाच्या छापील फॉर्ममध्ये पाण्यासाठी एक लहानशी ओळ असते, ‘पब्लिक’ किंवा ‘अदर’. मूल्यांकन करणारा दुसऱ्या चौकटीत दोन शब्द लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. पाणी आज कुठून येतं एवढंच ती ओळ विचारते.

खरं तर अ‍ॅरिझोनाकडे याबाबतीत अमेरिकेतला एक अत्यंत कडक कायदा आहे. १९८० च्या भूजल कायद्यानुसार फिनिक्स-टूसॉनसारख्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांत सहा किंवा जास्त प्लॉटची नवी वसाहत काढायची, तर शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. हमी दिलेल्या शहराच्या हद्दीत घर असेल तर ती अट त्यातच पूर्ण होते. पण पाच किंवा कमी तुकडे पाडले तर ही अट लागू नाही. एकाने पाच तुकडे पाडायचे, एक भाचीला विकायचा, तिने पुन्हा पाच पाडायचे. अशा वस्त्यांना इथे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. रिओ व्हर्डेची बरीच वाढ अशीच झाली. गुंठेवारी पाहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

हमीचं पाणीही आकाशातून पडत नाही. कोलोरॅडो नदीचं पाणी ५४१ किलोमीटरच्या कालव्यातून, वाटेत पंपांनी जवळपास ९०० मीटर वर चढवत, फिनिक्स आणि पुढे टूसॉनला आणलं जातं. तो कालवा १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षं बांधला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या नदीवर इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी अ‍ॅरिझोनाच्या वाट्यातले १८ टक्के पाणी कापलं गेलं. त्याचा मोठा घाव पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांवर पडला. २०२३ च्या जूनमध्ये राज्याने नवा भूजल अहवाल काढला. फिनिक्स पट्ट्यात पुढच्या शंभर वर्षांत सुमारे चार टक्के मागणी भागणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. राज्यपाल केटी हॉब्ज यांनी फक्त भूजलावर विसंबून असलेल्या नव्या वसाहतींना हमीपत्र देणं थांबवलं. बकाय आणि क्वीन क्रीकच्या बिल्डरांचे नकाशे अडकले.

त्या आठवड्यात भारतातून फोनवर फोन आले, ‘फिनिक्सचं पाणी संपलं म्हणे?’ संपलं नव्हतं. ज्यांना हमीपत्र मिळालेलं होतं ती घरं सुरक्षित होती, आणि फिनिक्स, मेसा, चँडलर या शहरांना स्वतःची हमी होती. कापूस आणि लसूणघासाच्या शेतावर घरं बांधली, तर एकरी पाणी उलट कमी लागतं. २०२५ मध्ये शेतीचं पाणी सोडून त्या बदल्यात घरं बांधायला परवानगी देणारा कायदाही झाला. फिनिक्स ओस पडणार ही आवई जितकी खोटी, तितकीच पाणी आहेच ही समजूतही खोटी. कुठल्या घराला आहे आणि कुठल्या नाही, हे कागदावर असतं. कुणी तो कागद मागत नाही, एवढंच.

आणि मागावा कुणी? दलालाला कमिशन मिळतं ते विक्री झाली तर. मला पगार मिळतो तो कर्ज मंजूर होऊन वाटप झालं तर. मूल्यांकन करणारा आजचा भाव लिहितो, विमा कंपनी वर्षाचा हप्ता घेते. ‘हे घर घेऊ नका’ असं सांगण्याचे पैसे या साखळीत कुणालाच मिळत नाहीत. म्हणून हे काम घेणाऱ्याने, आणि घेणाऱ्याच्या घरच्यांनी करायचं.

काका, परत करायचे नाहीत

घरच्यांनी म्हणते, कारण डाउन पेमेंटचा वाटा पुष्कळदा महाराष्ट्रातून येतो. वीस टक्क्यांपेक्षा कमी रक्कम भरली तर सावकाराच्या संरक्षणासाठी कर्जदाराला वेगळा विमा भरावा लागतो. तो टाळायला मुलगा आईवडिलांकडे मागतो. मग आम्ही भेटपत्र मागतो. त्यात पाठवणाऱ्याने लिहून द्यायचं, की ही भेट आहे आणि परतफेडीची अपेक्षा नाही.

नाशिकचे एक निवृत्त शिक्षक यावरून माझ्याशी फोनवर बराच वेळ भांडले. “मुलालाच देतोय ना, मग लिहून काय द्यायचं? आणि परत करू नको असं कशाला लिहू? करील की तो त्याच्या सोयीनं!” मी म्हटलं, “काका, मग ते कर्ज होतं, आणि त्याचा हप्ता मला त्याच्या खर्चात धरावा लागतो.” थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, “बरं, लिहितो. पण व्याजाचा दर काय पडलाय त्याला?”

सगळे हेच विचारतात. म्हणून दिवाळीत हा अंक हाती धरलेल्या काका-काकूंना माझी विनंती आहे. मुलगी किंवा मुलगा वाळवंटात घर घेतोय असं कळलं, तर दर शेवटी विचारा. दर पुढे उतरला तर कर्ज बदलून घेता येतं. आधी हे मागा: नव्या वसाहतीतलं घर असेल तर राज्याच्या स्थावर मालमत्ता विभागाचा जाहीर अहवाल, त्यात पाण्याचं कलम असतं. जुनं घर असेल तर विकणाऱ्याने सही केलेलं निवेदन, त्यात पाणी कुठून येतं ते लिहिलेलं असतं. शहराच्या हद्दीबाहेर तुकडे पाडलेली जमीन असेल तर तिचं वेगळं शपथपत्र. मागच्या जुलै-ऑगस्टची विजेची बिलं. एसी कोणत्या साली बसवला त्याची पावती. आणि जमलं तर घर उन्हाळ्यात, दुपारी पाचला पाहून यायला सांगा.

एवढे कागद हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका.